गरजू, होतकरू आणि साळू

एका जंगलात एक महाविद्यालय होतं. हसू नका. जंगलात महाविद्यालय असू शकतं. महाविद्यालयांत जंगल असतं, ते चालतं ना तुम्हांला?

एका मोठ्या वडाखाली ते भरायचं. कुणाचा माग कसा ओळखावा, वारा कुठून आला तर कुठे पळावं, कुठलं फळ खावं आणि कुठलं खाऊ नये, असं सगळं तिथे शिकवत. चार पावसाळे शिकलं की ‘वनस्नातक’ ही पदवी मिळे. पदवी फार मानाची होती. डबक्यातल्या म्हशी मात्र नाक मुरडायच्या. “स्नातक म्हणजे ज्याचं स्नान झालं तो. आम्ही तर सकाळपासून पाण्यातच आहोत,” असं त्यांचं म्हणणं. म्हशींशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून आपण पुढे जाऊ.

महाविद्यालयात शिकवायला बगळेसर होते. ते एका पायावर उभे राहून हजेरी घ्यायचे. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत जो वडाखाली असेल तो पूर्णवेळ विद्यार्थी. त्यातला थोडाच वेळ जो असेल तो अर्धवेळ विद्यार्थी. वडाखाली बसून तो नेमकं काय करतो, हे हजेरीत लिहायची सोय नव्हती.

पूर्णवेळ विद्यार्थ्यांत सगळ्यांत पूर्ण होता एक अजगर. त्याचं नाव निवांतराव. खरं म्हणजे तो शिकायला आलाच नव्हता. एकदा पोटभर जेवण झालं, सावली दिसली, म्हणून आडवा झाला. दुसऱ्या दिवशी बगळेसरांनी हजेरी घेतली, तर हा तिथेच. तिसऱ्या दिवशीही तिथेच. आपण विद्यार्थी आहोत हे त्याला दुसऱ्या वर्षी कळलं. त्याने ते मनाला लावून घेतलं नाही.

तुम्ही विचाराल, अजगर शेजारी असताना ससे कसे बसायचे? महाविद्यालयाच्या आवारात सहाध्यायी खाऊ नयेत असा नियम होता, आणि निवांतराव तो पाळायचा. नियम मोडायला उठावं लागलं असतं.

बगळेसर विचारायचे, “काय निवांतराव, धडा वाचताय ना?”

“होतंय,” निवांतराव डोळे मिटून म्हणायचा.

“आणि उत्तरं लिहिणार ना?”

“करू.”

या दोन शब्दांवर त्याची तीन वर्षं पार पडली होती. तसा तो स्वभावाने वाईट नव्हता, हे आताच सांगून ठेवते. गोष्टीत कुणीतरी वाईट असलंच पाहिजे असा हट्ट धरू नका.

आता साळूची गोष्ट.

साळू होती साळिंदर. अंगभर लांब, काळे-पांढरे काटे. ती चिडली की काटे एकमेकांवर आपटून सळसळ वाजायचे. तिची टेकडी काळ्या कातळाची, महाविद्यालयापासून बरीच लांब. पहाट झाली की साळू टेकडी उतरायची आणि गजराबाईंच्या खाणावळीसाठी कंद खणायची. गजराबाई म्हणजे हत्तीण. अर्धं जंगल त्यांच्याकडे जेवायचं. सूर्य डोक्यावर आला की गजराबाई साळूच्या वाटणीचे कंद तिला देत, आणि ती ते घेऊन धावत महाविद्यालयात जायची. तिथे फी कंदांतच घेत. अशी तिची फी निघायची. ती वर्गात यायची ती नाकाला माती घेऊनच, कारण नाक धुवायला थांबलं तर पहिला धडा चुकायचा.

“साळू, धडा वाचलास?”

“झाला, सर.”

“उत्तरं?”

“लिहिली.”

‘झालं’ हा साळूचा आवडता शब्द होता. काही झाल्याशिवाय ती तो वापरायची नाही, आणि झालं की वापरल्याशिवाय राहायची नाही. तरी हजेरीत ती अर्धवेळच. अर्धवेळ विद्यार्थ्याकडे बगळेसर एका डोळ्याने बघत. दुसरा डोळा पूर्णवेळवाल्यांसाठी राखून ठेवलेला.

साळूला पदवी कशाला हवी होती? लग्नपत्रिकेत नावापुढे छापायला नाही. टेकडीवर शाळा नव्हती. आदल्या वर्षी साळिंदराच्या दोन पिल्लांनी धोतऱ्याची बोंडं खाल्ली. धोतऱ्याचं बोंड काटेरी असतं. पिल्लांना वाटलं, काटे आहेत म्हणजे आपल्याच घरातलं दिसतंय. त्या दोघांतलं एकच सकाळी उठलं.

तेव्हा सगळी टेकडी राजाकडे गेली. राजाने शाळा मंजूर केली. अट एकच. शाळेवर स्नातक हवा, आणि तो पुढच्या पावसाळ्याआधी रुजू व्हावा. टेकडीवर शिकणारी एकटी साळू होती. तिचं चौथं वर्ष चालू होतं. सगळी टेकडी तिच्या नाकावरच्या मातीकडे आशेने बघायची.

आणि त्या वर्षी उन्हाळा जो कडाडला! जमीन टणक झाली. कंद खाली, आणखी खाली गेले. जे काम सकाळी संपायचं ते दुपार उलटली तरी संपेना. साळू वर्गात पोचायची तेव्हा बगळेसर शेवटचा धडा आवरत असायचे. खणावं तर हजेरी बुडते, आणि हजेरी बुडाली तर परीक्षेला बसू देत नाहीत. न खणावं तर फी बुडते, आणि फी बुडाली तर वडाखालीच बसू देत नाहीत.

एके दिवशी ती अशीच धावत निघाली होती. वाटेत पाण्यावर आलेला सिंह भेटला. सिंह म्हणजे त्या जंगलाचा राजा.

“कोण गं तू? नाकाला माती लावून कुठे पळतेस?”

“मी साळू, महाराज. वर्गात चालले.”

“आणि माती?”

“कंद खणून आले.”

“आधी खणायचं आणि मग शिकायचं?”

“न खणता शिकता आलं असतं तर खणलं नसतं, महाराज. जाऊ का? उशीर होतोय.”

सिंहाच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही, खरंच आलं. आणि मुलांनो, राजाच्या डोळ्यांत पाणी आलं की जंगलात एक समिती जन्माला येते.

सिंहाने तिथल्या तिथे हुकूम काढला. “आमच्या राज्यात कुणाचंही शिक्षण कंदांवाचून अडता कामा नये! जो विद्यार्थी गरजू आहे आणि होतकरू आहे, त्याला खाणावळीतून रोज एक टोपली कंद द्या!” एवढं बोलून तो झोपायला गेला. मनापासून बोललं की दमायला होतं.

बातमी टेकडीवर पोचली. म्हाताऱ्या साळिंदरांनी काटे मिटवून साळूला जवळ घेतलं. “पोरी, तुला बघूनच हुकूम निघाला. तुझं काम झालं!”

“झालं!” साळू म्हणाली. तो शब्द चुकीच्या वेळी वापरण्याची तिची ही पहिलीच खेप.

समितीच्या अध्यक्ष होत्या घोरपडबाई. घोरपडीने एकदा धरलं की ती सोडत नाही, आणि त्यांनी अध्यक्षपद धरलं होतं. भाषेचे जाणकार म्हणून राघूशास्त्री नावाचा पोपट घेतला होता. राजाच्या हुकमातले शब्द अवघड निघाले तर फोड करून सांगणं हे त्याचं काम.

“शास्त्रीबुवा,” घोरपडबाई म्हणाल्या, “गरजू म्हणजे कोण?”

“अगदी सोपं आहे. लाजतो तो लाजाळू. झोपतो तो झोपाळू. गरजतो तो गरजू.”

“वा! आणि होतकरू?”

“हा जोडशब्द. ‘होतंय’ अधिक ‘करू’. जो विचारल्यावर ‘होतंय’ म्हणतो आणि पुढे ‘करू’ही म्हणतो, तो होतकरू.”

“असा कुणी आहे का आपल्याकडे?”

“वडाखाली आहे.”

“पण तो गरजतो का?”

“घोरतो. पलीकडच्या ओढ्यापर्यंत ऐकू येतं. पडूनसुद्धा जो इतका गरजतो, त्याची गरज किती असेल, विचार करा.”

घोरपडबाईंनी विचार केला आणि एक निकष स्वतःच्या पदरचा घातला. “विद्यार्थी पूर्णवेळ पाहिजे. टोपली पूर्ण आहे. अर्धवेळवाल्याला पूर्ण टोपली दिली तर अन्याय होईल.”

“मग त्याला अर्धी द्यावी,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“अर्धी टोपली विणणारा जंगलात कुणी नाही.”

हे मात्र खरं होतं. निकष ठरला.

मुलाखतीच्या दिवशी साळू नाक धुऊन आली.

“बस म्हणायची पद्धत आहे,” घोरपडबाई म्हणाल्या, “पण तू आपली उभीच राहा. काटे आहेत तुला. शिकतेस कधी?”

“दुपारपासून.”

“आणि सकाळी?”

“कंद खणते.”

“म्हणजे तुझ्याकडे कंद आहेत.”

“खणते म्हणून आहेत.”

“ज्याच्याकडे कंद आहेत त्याला कंदांची मदत कशाला?”

“खणायला लागू नये म्हणून.”

“मग नको खणूस.”

“मग फी कशी भरू?”

“त्यासाठीच तर ही मदत आहे.”

“मग द्या ना, बाई.”

“कशी देणार? खणतेस ना तू!”

साळूला वाटलं, आपलंच काहीतरी समजायचं राहिलंय. हुशार विद्यार्थ्यांना असं वाटतं. निवांतरावाला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

“आता गरजून दाखव,” शास्त्रीबुवा म्हणाले.

“म्हणजे? गरज आहे मला, बुवा.”

“आहे म्हणून चालत नाही. समितीला ऐकू यायला हवी.”

टेकडीवरची पिल्लं साळूच्या डोळ्यांसमोर आली आणि तिचे काटे सळसळले.

“ही सळसळ झाली,” शास्त्रीबुवा कान देऊन म्हणाले. “सळसळू विद्यार्थ्यांसाठी सध्या योजना नाही. बरं, चौथ्या वर्षाचा अभ्यास?”

“झाला.”

“झाडपाल्याचा निबंध?”

“लिहिला.”

“ऐकलंत, बाई? हिच्या बोलण्यात एकदासुद्धा ‘होतंय’ नाही, ‘करू’ नाही. सगळं करून मोकळी झाली आहे. हिला मदत करायला जागाच कुठे ठेवलीय हिने?”

घोरपडबाईंनी मान हलवली. त्याही वाईट नव्हत्या. “साळू, आम्हांला फार वाईट वाटतं. पण तू निकषात बसत नाहीस.”

“कुठे बसायचं ते सांगा, बाई. बसते मी.”

“आत्ताच ना तुला उभी राहा म्हटलं?”

दुसऱ्या दिवसापासून निवांतरावाच्या उशाशी कंदांची टोपली येऊ लागली. अजगर कंद खात नाही. हे समितीला कुणी सांगितलं नाही, कारण तो निकष नव्हता. निवांतरावाने पहिल्या टोपलीवर डोकं टेकलं. ती उशीला बरी निघाली. मग टोपल्या एकीवर एक साचत गेल्या.

आता जरा विचार करा. या टोपल्या यायच्या कुठून? खाणावळीतून. आणि खाणावळीत कंद यायचे कुठून?

बरोबर.

“पोरी,” गजराबाई साळूला म्हणाल्या, “रोज एक टोपली जास्तीची लागतेय बघ. वरून हुकूम आलाय. कुणी निवांतराव म्हणून फार गरजू आहे म्हणे.”

साळूने ती टोपलीही खणली. आता तिला वर्गाचा शेवटचा धडाही मिळेना. ती पोचायची तेव्हा वडाखाली एकटा निवांतराव असायचा, उशीवर डोकं ठेवून. एकदा तिने टोपलीतला वरचा कंद पाहिला. त्यावर तिच्याच दातांची खूण होती. मला ही गोष्ट सांगताना इथे नेहमी राग येतो. तुम्हांला आला नाही तर तुम्ही लवकरच एखाद्या समितीवर जाल.

“निवांतराव,” ती म्हणाली, “तुम्ही हे खात नाही. मग घेता कशाला?”

“मी कुठे घेतो? ते ठेवून जातात.”

“त्यांना सांगा ना मग.”

“करू,” निवांतराव म्हणाला. मग त्याने एक डोळा उघडला. साळूचा चेहरा पाहून त्याला कसंसंच झालं. “तू ने की त्यातली एक. मला काय?”

पण फांदीवर समितीने एक सरडा बसवला होता. लाभ ज्याला मिळाला त्याने तो घेतला नाही तरी चालेल, दुसऱ्याने घेता कामा नये, एवढंच त्याने बघायचं. सरडे उठता-बसता होकाराची मान हलवतात. या सरड्याने ती आडवी हलवली.

साळूने खाणावळीत येऊन डोळ्यांतून टिपं गाळली. गजराबाईंनी सोंडेने तिची पाठ थोपटली, आणि काटे टोचले तरी थोपटत राहिल्या.

“हे बघ, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात,” त्या म्हणाल्या. “पण तुला पैशाचं सोंग आणायचंच नाही. गरिबीचंही नको, ती आहेच आपली जवळ. तुला नुसतं निकषाचं सोंग आणायचंय. ते काय अवघड आहे? निम्मं जंगल आणतंय. उद्यापासून खणायला येऊ नकोस. जा, पूर्णवेळ हो.”

“आणि गर्जना?”

“ती मी देते उसनी.”

साळूने नोकरी सोडली. साठवणीतले चार कंद बांधून ती वडाखाली निवांतरावाच्या शेजारी आडवी झाली. तिथे तिने आयुष्यातला सगळ्यांत अवघड विषय शिकला.

“पाणी प्यालीस?” निवांतराव विचारायचा.

“प्याले.”

“चुकलं.”

“...होतंय?”

“हं. सावकाश म्हण. घाईने म्हटलं की खरं वाटत नाही.”

साळूच्या अंगावरून मुंग्या जायच्या. पंजे शिवशिवायचे. ‘झालं’ हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसायचा आणि ती तो गिळायची. पण विद्यार्थिनी हाडाची. शेवटी तिने तोही विषय काढला.

दुसरी मुलाखत ठरली, तेव्हा समितीच्या मागच्या बांबूच्या बेटात गजराबाई दबा धरून उभ्या होत्या. हत्तिणीने दबा धरला की बेट जरा फुगल्यासारखं दिसतं, पण समितीचं लक्ष निकषाकडे होतं.

“गरजून दाखव.”

साळूने तोंड उघडलं. बांबूच्या बेटातून असा काही चीत्कार उठला की राघूशास्त्री फांदीवरून घसरले.

“आवाज थोडा हत्तिणीच्या वळणावर जातो,” ते पंख सावरत म्हणाले.

“गरज मोठी असेल,” घोरपडबाई म्हणाल्या. “गरजू आहे, लिहून घ्या. अभ्यास कसा चाललाय, साळू?”

“होतंय,” साळू सावकाश म्हणाली.

“पदवी घेणार ना?”

“करू.”

“आणि ते सकाळचं खणणं?”

“सोडलं, बाई. आता मी पूर्णवेळ पडून असते.”

घोरपडबाईंचा चेहरा उजळला. “बघा शास्त्रीबुवा, इच्छा असली की सुधारता येतं! मंजूर!”

त्या दिवशी टेकडीवर साळिंदरांनी, सशांनी, मुंगसांनी एकत्र जेवण केलं. पावसाळा अजून थोडा लांब होता. हजेरी भरून निघाली असती. फी भरली गेली असती. साळू वडाखाली आडवी होऊन टोपलीची वाट बघू लागली.

टोपली आली नाही.

दुसऱ्या दिवशीही आली नाही. जवळचे चार कंद फीला पुरले नाहीत. बगळेसरांनी पाय बदलला आणि म्हणाले, “मला वाईट वाटतं, पण...” ज्या वाक्याची सुरुवात अशी होते त्याचा शेवट कधी चांगला नसतो. साळूला वडाखालून उठावं लागलं. ती समितीकडे गेली.

“मदत मंजूर आहे,” घोरपडबाई म्हणाल्या. “अडचण एवढीच, की कंद नाहीत. खाणावळीत खणणारी कुणी होती, ती ऐन वेळी काम सोडून गेली.”

“ती मीच, बाई.”

“तू?” घोरपडबाईंनी डोळे मोठे केले. “मग याला जबाबदार कोण?”

राघूशास्त्र्यांना तेवढ्यात तोडगा सुचला. “अहो, ती जागा अजून रिकामी आहे! सकाळचंच काम आहे. साळू, तू ते धर. तू खणलंस की कंद येतील, कंद आले की टोपली भरेल, टोपली भरली की मदत मिळेल.”

“पण मी खणायला लागले की पुन्हा अर्धवेळ होईन.”

“होशील.”

“मग मदत?”

“बंद होईल.”

“आणि मी खणलेली ती टोपली?”

“निवांतरावांकडे जाईल. ते सलग पात्र आहेत.”

“मग माझ्या मदतीचं काय?”

घोरपडबाईंनी राघूशास्त्र्यांकडे बघितलं. राघूशास्त्र्यांनी घोरपडबाईंकडे बघितलं.

“होतंय,” घोरपडबाई म्हणाल्या.

“करू,” राघूशास्त्री म्हणाले.

समितीसुद्धा किती होतकरू असू शकते, हे साळूला त्या दिवशी समजलं. ती खाणावळीत गेली आणि खणायला लागली. घरी तिच्या म्हाताऱ्या आईला जेवायचं असतंच ना, परीक्षा असो की नसो.

परीक्षा झाली. साळूला हजेरीमुळे बसता आलं नाही. निवांतराव बसला. बसण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि त्याला हात नव्हते तरी. त्याने पान कोरं ठेवलं. बगळेसरांनी ते उलटसुलट करून पाहिलं. कोऱ्या पानावर एकही चूक सापडेना. हजेरी पूर्ण. निवांतराव वनस्नातक झाला.

टेकडीला पावसाळ्याआधी स्नातक हवा होता. बाकीच्यांनी पानं लिहिली होती, म्हणून त्यांत चुका सापडल्या; जंगलात त्या वर्षी स्नातक एकच. निवांतराव नको म्हणाला नाही. तो म्हणाला, “करू.” गजराबाईंनी त्याला पाठीवर घालून टेकडीवर नेलं. तो शाळेच्या कातळावर आडवा झाला आणि पिल्लं त्याच्या वेटोळ्यांवर रांगेत बसली. शाळा सुरू झाली.

पहिल्याच आठवड्यात एक बारकं साळिंदर हातात काटेरी बोंड घेऊन आलं.

“सर, हे आपल्यासारखंच आहे. खाऊ?”

“बघू,” निवांतराव डोळे मिटून म्हणाला. “करू.”

पिल्लाने तोंड उघडलं. तेवढ्यात खणून परत येणारी साळू कातळावर चढली. तिने काटे फुलवले आणि अशी धावली की बोंड एकीकडे गेलं आणि पिल्लू दुसरीकडे.

“धोतरा आहे तो!” ती ओरडली. “काटे असले म्हणजे घरचं नसतं! सगळ्यांनी इकडे या. नीट बघून ठेवा.”

निवांतरावाने दोन्ही डोळे उघडले. एवढं त्याने पदवीसाठीही केलं नव्हतं. काय झालं ते त्याला उमगलं. मग तो म्हणाला, “साळू, रोज येशील का गं? मी इथे स्नातक म्हणून पडून राहतो. तू शिकव.”

तेव्हापासून साळू रोज दुपारी शिकवायला यायची. तिच्यासाठी जागा काढली नव्हती, म्हणून हजेरीत तिचं नाव नव्हतं, आणि मोबदला तर नव्हताच. पण त्या वर्षी टेकडीवरची सगळी पिल्लं रोज सकाळी उठली.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा सिंह शाळा बघायला आला. बरोबर घोरपडबाई होत्या, राघूशास्त्री होते. कातळावर साळू पिल्लांना झाडपाल्याची ओळख करून देत होती. सिंहाने तिच्या नाकाकडे बघितलं.

“अरे, तू ती साळू ना? नाकाला माती अजून आहेच की! ती मदत मिळाली ना गं तुला? तुझ्यासाठीच हुकूम काढला होता मी.”

साळूने घोरपडबाईंकडे बघितलं. राघूशास्त्र्यांकडे बघितलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण सांगितलं असतं तर चौकशी लागली असती, चौकशी लागली की शाळा बंद ठेवतात, आणि धोतऱ्याला तर बोंडं धरतच होती.

“होतंय, महाराज,” साळू म्हणाली.

“आणि पदवी?”

“करू.”

सिंह मागे वळला.

“बघा!” तो समितीला म्हणाला. “याला म्हणतात होतकरू!”

आणि त्याच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं की पुढे काय होतं, ते मी तुम्हांला मघाशीच सांगितलं आहे.

तात्पर्य : कष्टाचं फळ गोड असतं, म्हणूनच ते टोपलीत भरून निवांत असणाऱ्याच्या उशाशी ठेवायचं असतं. मग ज्याने खणलं त्याला काय मिळणार, असं एखाद्याने विचारलंच, तर गडबडून जाऊ नये. उत्तर दोनच शब्दांचं आहे, आणि ते तुम्हांला एव्हाना पाठ झालं आहे.